फैदिलाचा फ

फैदिला माझी कुणी लागत नव्हती. भिंतीला भिंत आणि दोन घरांत मिळून एक भट्टी, एवढंच काय ते नातं. पण मेथोनेतल्या आमच्या गल्लीत तिने नाक खुपसलं नाही असं घर नव्हतं, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन ती बसली नाही असं बाळंतपण नव्हतं. आता इथे थासोसच्या बायकांना तिच्या गोष्टी सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. हसू देत बापड्या. हसण्यासारखी होतीच ती.

तिला मावशी, काकू म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. "मावशी तुझ्या आईच्या बहिणीला म्हण. मला माझ्या बापाने नाव ठेवलंय. इरेत्रियाचं नाव आहे ते." म्हणून शेंबड्या पोरांपासून म्हाताऱ्या नावाड्यांपर्यंत सगळे तिला नुसतं फैदिला म्हणायचे. कुणी एखादं अक्षर खाल्लं तर हातातलं काम टाकून उभी राहायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

आता इरेत्रिया हे आमचं मूळ गाव, समुद्रापलीकडचं. ते तिने जन्मात पाहिलं नव्हतं, तिच्या आजीनेही नव्हतं. आमचे पूर्वज तिथून एका बेटावर वस्ती करायला गेले, तिथून दुसऱ्यांनी त्यांना पिटाळलं, म्हणून बिचारे घरी परतले. तर किनाऱ्यावर त्यांचेच भाऊबंद गोफणी घेऊन उभे. पाय टेकू दिला नाही. मग जहाजं वळवून उत्तरेला आले आणि मेथोने वसवलं. तेव्हापासून आसपासची गावं आम्हाला गोफणे म्हणतात. बाजारात कुणी मुद्दाम खोडी काढायचं, "काय गं फैदिला, दगड मारून हाकललं त्या गावाचा एवढा पुळका?" त्यावर हिचं उत्तर तयार. "घरच्यांनी मारले. तू कोण मधे बोलणारा?"

तिचा राग होता तो वरच्यांवर. आमची शेतं संपली की डोंगर लागायचा आणि डोंगरापासून वर सगळा त्या राजाचा मुलूख. राळ तिथून यायची, जहाजांची लाकडं तिथून यायची, मेंढीचं चीज घेऊन बायका तिथूनच खाली यायच्या. बोलायचे आपल्यासारखंच, पण आपला फ त्यांच्या तोंडात ब होतो. फिला म्हणायला गेले की बिला. खुद्द त्यांचा राजा फिलिप्पोस, त्याला त्याची माणसं बिलिप्पोस म्हणायची. फैदिला चीजवाल्या बायकांच्या तोंडावर म्हणायची, "ज्यांना आपल्या राजाचं नाव धड घेता येत नाही, ते म्हणे आमच्यावर राज्य करणार."

आणि तिच्याच नशिबी तशी सून यावी.

तिचा मुलगा लुकिस्कोस गलबतांच्या फटी बुजवायचं काम करायचा. डोंगरात राळ आणायला गेला आणि राळेबरोबर पोरगी घेऊन आला. उंच, रापलेली, हातापायांनी दणकट. आमच्यात नवी सून घरात आली की तिला चुलीपाशी बसवून सासूने तिच्या डोक्यावर सुक्या अंजिरांची आणि अक्रोडांची टोपली ओतायची असते. फैदिला टोपली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाव सांग."

"बिला."

"फिला म्हण."

"बिला."

"अगं, फ. फिला."

"तेच म्हणतेय की मी. बिला."

पाहुणे ताटकळले, पोरं अंजिरांकडे डोळे लावून बसली, पण ही बाई टोपली ओतेना. शेवटी माझ्या सासूने तिच्या हातातून टोपली हिसकावली आणि ओतून टाकली. पोरं तुटून पडली. फैदिला मला म्हणाली, "बघ निकेसो, महिन्याभरात तिच्या तोंडून फ काढते की नाही."

काढला कसला. भट्टीसमोर बसवून तिला फुंकर मारायला लावायची. "फुंक. फू. कळलं? हाच तो फ. आता तोंड तसंच ठेव आणि म्हण, फिला." बिला गाल फुगवून निखारे लालबुंद करायची आणि मग शांतपणे म्हणायची, "बिला." मी पीठ मळता मळता हसून लोळायची. मला तर वाटतं, नंतर नंतर ती मुद्दामच करत असावी. तोंड मिटून हसायची सवय होती तिला.

अखेर दोघींचा एक तह झाला. फिला म्हटलं की सून ओ द्यायची नाही, आणि बिला म्हणणं सासूला कमीपणाचं वाटायचं. म्हणून फैदिला तिला डोंगरीण म्हणू लागली. "डोंगरीण, पाणी आण." "डोंगरीण, मासे खारवलेस का?" बिला तिला आत्याबाई म्हणायची आणि सगळं करायची. भांडणं रोजची. भांडण नसेल त्या दिवशी मी भिंतीवरून डोकावून बघायची, दोघी बऱ्या आहेत ना म्हणून.

बिलाचं मूल पोटातच गेलं, तेव्हाचं मात्र मी विसरणार नाही. पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खाणं नाही, बोलणं नाही. फैदिलाने गल्लीतली सगळी कामं सोडली आणि तिच्या उशाशी बसली. सातूची पेज करायची, फुंकर घालून निववायची. "डोंगरीण, ऊठ गं. दोन घोट घे. माझ्यासाठी नको घेऊस, मी मेली वाईटच आहे. लुक्यासाठी घे." बिलाने पेज घेतली. फैदिला बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वर मला दम दिला, कुणाला सांगशील तर बघ म्हणून.

मग राजा आला.

वेढ्याचं काय सांगायचं? ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मदतीला अथेन्सची जहाजं येणार, येणार म्हणून आम्ही समुद्राकडे बघत बसलो. लुकिस्कोस तटावर होता, खालून आलेला दगड लागून जागच्या जागी गेला. त्याच्यानंतर फैदिला तटावर पाणी पोचवायला जायची. शिडीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून उभं राहणंसुद्धा दुसऱ्याच्या आधाराने.

बिलाचा भाऊ मखातास खाली राजाच्या फौजेत होता. तटावरून दिसायचाही. फैदिला अंथरुणातून म्हणायची, "जा ना त्याच्याकडे. दोरीने उतर. इथे कुणासाठी थांबलीयस? नवरा गेला, मूल नाही."

"तुमची भाकरी कोण भाजेल?"

"पीठ कुठंय भाजायला?"

"मिळालं म्हणजे," बिला म्हणाली आणि तिचे केस विंचरत राहिली.

आमच्या तटावरून सुटलेल्या बाणाने राजाचा डोळा गेला, तेव्हा आम्ही सगळे मेल्यातच जमा होतो. पण दवंडी वेगळीच झाली. जीव घेऊन जा. अंगावर एक वस्त्र, बाकी काही नाही. शहर आणि शेतं राजाच्या माणसांना. नेसत्या वस्त्रानिशी म्हणतात ते आम्ही अक्षरशः केलं. ऐन उन्हाळा, तरी ज्याने त्याने घरातली सगळ्यात जाड लोकर काढली. पुढे थंडी येणार होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. मी माझ्या लग्नातली रंगीत शाल चुलीत घातली, दुसऱ्या कुणी ती पांघरायला नको म्हणून.

चालून पुढचं गाव गाठायचं होतं. आम्ही धडधाकट बायका पोचू की नाही याची खात्री नव्हती. फैदिलाला कुणी पाठीवर घेतलं असतं तरी त्या उन्हात, त्या मोडक्या खुब्यावर, ती वाटेतच गेली असती. हे तिलाही ठाऊक होतं. मला म्हणाली, "मला चुलीपाशी ठेवून जा. येतील आणि काय ते करतील."

बिला मला घेऊन तटावर गेली आणि भावाला हाक मारली. मखातास खालून ओरडला, "तू चल. गाडी आणलीय. घरी नेतो तुला."

"आणखी एक माणूस आहे."

"रक्ताचं असेल तरच. गोफण्यांतलं एक जरी माणूस आपल्यात लपून राहिलं तर माझी मान जाईल."

"आई आहे," बिला म्हणाली. "मला बघायला आली होती. वेढ्यात अडकली."

तिची आई तिच्या लग्नाआधीच वारली होती. मला ते माहीत होतं, मग भावाला माहीत नसेल? तो वर बघत उभा राहिला. बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. आईला घेऊन ये. पण वर येणाऱ्या प्रत्येकाला वेशीवर नाव विचारतात. बोली ऐकतात आणि मगच सोडतात."

म्हणजे एवढंच करायचं होतं. दुसऱ्या कुणाचं नाव ती घेणार नव्हती, तेव्हा वेशीवर फैदिलाने आपलंच नाव बैदिला म्हणून सांगायचं.

तिला ब म्हणता येत नव्हता असं कुणी समजू नका. बोकड म्हणायची, बोका म्हणायची, भांडणात तर काय काय म्हणायची. पण स्वतःच्या नावापाशी आली की जीभ हटून बसायची. त्या भट्टीसमोरच, आता शिकवणारी बिला आणि शिकणारी फैदिला.

"ओठ मिटा, आत्याबाई. मेंढरू कसं ओरडतं? बें. तसं. बैदिला."

"मी मेंढरू होऊ?"

"वेशीपुरतं व्हा."

"फैदिला."

"आत्याबाई."

"अगं, निघतच नाही. बापाने दिलेलं नाव आहे, वाटेत मोडता येतं का ते?"

"नाव मोडतं की माणूस मोडतं ते बघा," बिला म्हणाली. तिचा आवाज चढला आणि मग फुटला. "मला एकटीला नाही जायचं वर. मला तिथे आता कोण आहे?"

फैदिला बराच वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसली. मग मोठ्याने म्हणाली, "बैदिला." स्पष्ट. मग थुंकली आणि म्हणाली, "शी." आम्ही दोघी हसलो, ती हसली नाही.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या मागेच होते. बिलाने तिला पाठीवर घेतलं होतं. वेशीत एक पिकल्या दाढीचा शिपाई एकेकाची वस्त्रं चाचपत होता. अंगात दुसरं वस्त्र सापडलं की ओढून ढिगावर फेकायचा. वरची म्हणवणारी माणसं तो बाजूला काढायचा आणि त्यांना बोलतं करायचा. आमच्यापुढे एक चांभार त्या फ-पाशीच अडकला, त्याला चालणाऱ्यांच्या रांगेत ढकलून दिलं. पलीकडे मखातास गाडीपाशी खेचराचा लगाम धरून उभा होता.

"तू?" शिपायाने विचारलं.

"बिला. मखातासची बहीण."

"आणि ही?"

"माझी आई."

"तिला तोंड आहे ना? म्हातारे, नाव सांग."

फैदिलाने ओठ मिटले. मी मागून तिचा गाल बघत होते. ओठ अगदी बिलाने शिकवले तसे मिटलेले होते. आणि ते उघडले तेव्हा बाहेर आला फ. नुसता फ. पुढचं तिने दातांखाली दाबलं.

शिपाई हातातलं काम सोडून वळला. "काय म्हणालीस?"

मखातासचा चेहरा पांढरा पडला. बिला हलली नाही, फक्त म्हातारीच्या मांड्यांवरची तिची पकड आवळली. मला वाटलं, संपलं सगळं.

फैदिलाने हात पुढे करून सुनेच्या कपाळावरचा घाम पुसला. मग शिपायाकडे बघून म्हणाली, "नाव काय करायचंय तुला माझं? नावाने हाक मारणारी माणसं गेली माझी. मी बिलाची आई. एवढं पुरेल ना? बिलाची आई."

मी ते नाव तिच्या तोंडून तसं पहिल्यांदाच ऐकलं. बिलानेही. तिने मान खाली घातली, पण डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

तो फ शिपायाने ऐकला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो दोघींकडे बघत राहिला. म्हातारीच्या अंगावर एकच वस्त्र आहे ना, ते बोटांनी चाचपलं. मग गाडीकडे हात केला आणि मला म्हणाला, "पुढे हो."

वेशीबाहेर वाट फुटते. आम्ही खालच्या वाटेने निघालो, गाडी वरच्या. फैदिलाला मागच्या बाजूला बसवलं होतं, तोंड आमच्याकडे. तिला लांबचं दिसत नसे. ती त्या सगळ्या गर्दीवरून डोळे बारीक करून मला शोधत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापर्यंत. एक हाक मारली असती तर तिला कळलं असतं मी कुठे आहे ते.

पण दोन्ही बाजूंना शिपाई होते आणि मला तिला हाक मारायची एकच रीत ठाऊक होती. मी वस्त्राचं टोक तोंडात धरलं आणि ती शोधत असताना चालत राहिले.