पाच अनोळखी इसम आणि एक टॉर्च

काही गुन्हे आठवले की अजून अंगावर काटा येतो. हा आठवला की माझे कान गरम होतात. आमच्या सौभाग्यवती पाहुण्यांसमोर तो आवर्जून काढतात, म्हणून म्हटलं, त्यांच्या तिखटमिठाआधी आपणच लिहून टाकावा.

दोन हजार सोळा साल असेल. डहाणू तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि कैनाडकडचा एक शेतकरी टोपी हातात धरून दारात उभा राहिला. ज्याची म्हैस चोरीला जाते तो थेट टेबलापर्यंत येतो. ज्याच्या लेकीबद्दल कुणी काही बोललेलं असतं तो दारातच थांबतो. मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली.

"सायेब, पोरीच्या मागं पाच पोरं लागलीत."

"कुठली?"

"तेच कळत नाय. लोक म्हणतात, ती घरी असली की डहाणूची असतात. तलासरीला सोयऱ्यांकडं गेली, तर तिथं तलासरीची."

मुलीचा साखरपुडा तलासरीच्या बाजूला झाला होता. होणाऱ्या सासऱ्यांनी म्हणे ही पोरं स्वतः पाहिली होती आणि आता ते लग्न मोडायला निघाले होते. पोरगी चांगली आहे असा पोलिसांचा कागद आणा, मग पुढचं बोलू, असा त्यांचा निरोप होता.

"पोर फुग्याच्या कारखान्यात जाते, सरळ घरी येते. लग्न मोडलं तर मोडू दे, सायेब. पण नाव?"

मीही दोन मुलींचा बाप. त्याला पुढे एकही प्रश्न न विचारता अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला: पाच अनोळखी इसम, वय अंदाजे वीस ते पंचवीस, वावर दोन तालुक्यांत. डहाणू रोडच्या रिक्षा स्टँडवर साध्या वेशात दोन अंमलदार लावले. शिकवणीप्रमाणे सगळं केलं, फक्त डोकं वापरायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याची टीप आली. आशागडच्या नाक्यावर पाच पोरं जीपची वाट बघत बसली आहेत आणि बोलण्यात सारखं तलासरीचं नाव येतंय. आम्ही झडप घातली. पाचही हाती लागले. निघाला कबड्डीचा संघ. उरलेले दोघे यायचे होते. चौकशीत दोन तास गेले आणि तिकडे सामना समोरच्या संघाला बहाल झाला. जाताना त्यांचा कप्तान म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी सातही जण पकडा. निदान तुमच्या आवारात सराव तरी होईल."

मग मला ते सुचलं जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. मुलीलाच विचारावं. तिला बोलावलं, शेजारी आमच्या महिला हवालदारांना बसवलं आणि वडिलांना बाहेर चहा पाजला.

"घाबरू नकोस बाळ. त्या पाच जणांचं वर्णन सांग."

तिने पिशवीतून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "वर्णन कशाला? थांबा थोडं, येतीलच."

आम्ही तिघं त्या फोनकडे टक लावून बसलो. मिनिटाभरात पडदा भरून एक उघडाबंब तरुण झळकला. खाली हिंदीत मजकूर: डहाणू के पाँच लड़के आपसे बात करना चाहते हैं. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक की माझ्या चष्म्याला सापडेना. अंदाजाने बोट टेकवलं, तर त्याने डोळा मारला आणि आणखी दोन जाहिराती उघडल्या.

साखरपुड्याचे फोटो सासूला दाखवताना नेमका हाच गडी उगवला होता. तिथे त्याने तलासरीचं नाव घेतलं. सासऱ्यांनी ते वाचलं आणि सगळ्या पाड्यात सांगून मोकळे झाले.

"अगं, मग वडिलांना हे दाखवलं का नाहीस?"

"कसं दाखवू, साहेब? त्याचे कपडे बघा."

महिला हवालदारांना खोकला आला. त्या खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिल्या.

पण एक गोष्ट मला खटकली. जाहिरातीला गाव कळतं, म्हणजे फोन कुणाला तरी मुलीचा ठावठिकाणा सांगतो आहे. फोन जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पाठवला. त्यात टॉर्चचं एक ॲप निघालं. उजेड पाडता पाडता ते मुलगी कुठे आहे, तिच्याकडे कुणाचे नंबर आहेत, कुणाचे मेसेज येतात, हे सगळं गुपचूप बाहेर पाठवत होतं आणि बाहेरून हे उघडे तरुण आत आणत होतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षकानेच करायचा असा नियम आहे. म्हणजे हाताखालच्यावर ढकलायची सोय नाही. मी पुस्तक काढून बसलो. नुसती आगाऊ जाहिरात दाखवणं हा गुन्हा असल्याचं कलम काही सापडेना. सापडलं ते एवढंच, की मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रात असलं काही घुसवणं हा गुन्हा. मग परवानगी दिली कुणी?

"मी नाही," मुलगी म्हणाली. "साखरपुड्याआधी गाणी भरायला फोन दिला होता, तेव्हापासून ते आहे."

आमच्याकडे तेव्हा लग्न ठरलं की कपडे घ्यायचे, बांगड्या भरायच्या आणि मोबाईलमध्ये गाणी भरायची. पाड्यावर रेंज जेमतेम, नेट महाग. त्यामुळे डहाणू रोडच्या दुकानात सकाळी फोन द्यायचा आणि बाजार उरकून दुपारी घ्यायचा. फोनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच्याच पाठीला चिकटवायचा. तिजोरी किल्लीसकट शेजाऱ्याकडे ठेवावी तसं.

दुकानदाराला बोलावणं पाठवलं आणि माझीच पंचाईत झाली. कारण तो आमचा नेहमीचा पंच. ठाण्याजवळ दुकान, हाकेला हजर, सहीला तयार. तो खिशातलं पेन काढतच आत आला.

"बोला साहेब, कुठे करू सही?"

"आज सही नाही. आज तुमची चौकशी आहे."

त्याने पेन हळूच परत खिशात ठेवलं.

"लोकांच्या फोनमध्ये टॉर्च तुम्ही टाकता?"

"सेवा आहे साहेब, फुकट. पाड्याच्या वाटेला दिवे कुठे आहेत?"

"तो टॉर्च परवानगी मागतो तेव्हा काय करता?"

"मान्य दाबतो."

"फोन तुमचा आहे का?"

"फोन गिऱ्हाइकाचा. पण घाई माझी ना."

"काय मागतोय ते वाचता तरी?"

"साहेब, वीस पानं असतात, तीही इंग्रजी." तो जरा थांबला. मग अगदी अदबीने म्हणाला, "बारा वर्षं तुमच्या पंचनाम्यांवर सह्या करतोय. ते तरी मला कधी वाचायला दिलेत?"

तेवढ्यात माझ्या टेबलाचा खण खुदकन हसला. मग एका बाईच्या लाडिक आवाजात म्हणाला, "डहाणू की पाँच सहेलियाँ आपका इंतज़ार कर रही हैं."

आता कबूल करतो. माझा फोन महिनाभर हे करत होता. घरी सौभाग्यवतींनी माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलायचं धोरण ठेवलं होतं. आणि मी, वीस-बावीस वर्षं गुन्ह्यांचा छडा लावणारा अधिकारी, त्यावर उपाय म्हणून फोन खणात ठेवत होतो.

"तुमच्यातही आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "भजनं भरायला दिला होतात ना? म्हटलं, साहेबांना गस्तीला टॉर्च लागेल."

पुढे त्याने सगळं सांगितलं. बाहेरगावचा एक विक्रेता यायचा. ज्या महिन्यात जास्त फोनांमध्ये टॉर्च जाईल, त्या महिन्यात दुकानाला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस. जप्तीला गेलो तेव्हा दुकानात चार घड्याळं होती आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दुकानदार आणि विक्रेता, दोघांवर गुन्हा दाखल केला. ॲप बनवणाऱ्याचा पत्ता कुठल्याशा परदेशातला निघाला. मी पत्र धाडलं. त्याचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत आलं नाही.

पण मुलीचे वडील पुन्हा दारात येऊन उभे. "सायेब, कागद?"

चारित्र्याचा दाखला आम्ही देतो, पण नोकरीसाठी, पासपोर्टसाठी. सोयरिकीचा रकाना त्या फॉर्मात नाही. शेवटी मीच तलासरीला निघालो. वडिलांना जीपमध्ये घेतलं. मुलगी न सांगताच मागे येऊन बसली.

होणारे सासरे अंगणात खाटेवर बसले होते. मी टॉर्चची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही सैल होईना. मी विचारलं, "तुम्ही गाणी कुठे भरता?"

त्यांनी हातातला फोन खाटेवर ठेवला तो पालथा. पालथा ठेवलेला फोन म्हणजे अर्धा कबुलीजबाब. आम्ही चहा घेईपर्यंत उरलेला अर्धा फोननेच दिला. तोच लाडिक आवाज, फक्त या वेळी तलासरीच्या पाच जणी.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. "मला एकीला बाजारात न्यायला यांना वेळ नाय, आणि तिकडं पाच!"

सगळं अंगण हसलं. सासरेही ओशाळून हसले. "चला, झालं गेलं विसरू. तारीख काढून टाकू."

"मामा," मुलगी म्हणाली, तशी हसणारी माणसं थांबली. "तुमच्या पाच जणी आम्ही कुणाला सांगायला जाणार नाही. माझे पाच मात्र सगळ्या पाड्याला ठाऊक आहेत. ज्या ज्या घरी जाऊन सांगितलंत, त्या प्रत्येक घरी जाऊन खरं काय ते सांगा. मग तारीख काढू."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी यातून सुटायचं एखादं कलम काढून देईन. मी टोपी घातली आणि म्हणालो, "मागणी रास्त आहे."

ते गेले, घरोघर. काम दोन दिवसांचं, पण लागले आठ. कारण ज्या घरी जाऊन बसावं, तिथे कुणाचा ना कुणाचा फोन हसायचा आणि मग तो टॉर्च काढून कसा टाकायचा हेही त्यांनाच दाखवावं लागायचं. नवव्या दिवशी त्यांनी तारीख काढायला माणूस पाठवला आणि मुलगी हो म्हणाली.

या तपासाने मला एवढं शिकवलं, की न वाचता दिलेली परवानगी आणि दुसऱ्यानेच देऊन टाकलेली परवानगी, दोन्ही सारख्याच पोकळ. त्या दिवसापासून मी प्रत्येक पंचनामा पंचांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. हवालदारांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, त्याची नोंद नाही. कायदा करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: फोन ज्याचा त्यालाच विचारा, त्याच्या भाषेत विचारा, आणि ती फुली जरा मोठी ठेवा.

बाकी कायद्यात या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कोर्टात तारखा पडत राहिल्या. त्या मुलीने दिलेली शिक्षा मात्र आठ दिवसांत पूर्ण भोगून झाली, आणि तिच्यावर अपील कुणी केलं नाही.