परगावची खोकी आणि जजसाहेबांची जीभ

जजसाहेबांनी उभ्या जन्मात कोर्ट आतून पाहिलं नव्हतं. ते बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायला होते. भट्टीतून माल निघाला की त्यातली थोडी बिस्किटं बशीत घालून त्यांच्या टेबलावर यायची. ते एक उचलायचे, डोळे मिटायचे, सावकाश चावायचे. मान डोलावली तर माल पॅकिंगला. नुसतं पाणी पिऊन खिडकीबाहेर बघत बसले, तर सगळा माल परत. या बघत बसण्याला भट्टीवाले फार घाबरायचे. त्यांनीच गमतीने 'जजसाहेब' हे नाव पाडलं. साहेबांनी ते गमतीने घेतलं नाही, त्यामुळे हळूहळू बाकीच्यांनाही ते गमतीने घेता येईना.

निवृत्त झाल्यावर कोर्ट घरी भरायला लागलं. आरोपी एकच होती, बायको, आणि तिला रोज दोन वेळा हजर व्हावं लागायचं. तिच्या हाताला चव होती, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. कुणाकडे पाहुणे येणार असले, की रस्सा उतरवायच्या आधी तिला हाक मारायचे: "वहिनी, जरा मीठमसाला बघून जा हो." ती पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायची आणि काय हवं ते सांगायची. पण स्वतःच्या घरात तिला एवढ्या वर्षांत एकदाही पूर्ण निर्दोष सोडलेलं नव्हतं. "बरं आहे. मीठ जरा कमी." हा निकाल ठरलेला. ती हसून मिठाची बाटली पुढे सरकवायची. जजसाहेब ती उघडायचे नाहीत. त्यांना मीठ नको असायचं, निकाल द्यायचा असायचा.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप भरला. तो उतरला, पण उतरताना जिभेची चव आणि नाकातला वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. एवढं तर समोरच्या पानवाल्यानेही सांगितलं असतं, आणि तेही फुकट.

जजसाहेब घाबरले. माणसाचे डोळे गेले तर लोक हात धरतात, कान गेले तर मोठ्याने बोलतात. पण जीभ गेलेल्या जजचं कोण काय करणार? खुर्चीत बसलेला एक म्हातारा, एवढंच उरणार होतं. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. ती चुकून कुणाजवळ बोलेल ही भीती नव्हती. ती कीव करील, ही होती.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "कसं झालंय?" तोंडात काय आहे, रस्सा की कोमट पाणी, हे त्यांना कळत नव्हतं. एकदम 'छान' म्हणावं तर तिला संशय आला असता. त्यांनी जुनाच निकाल वाचून दाखवला. "बरं आहे. मीठ जरा कमी."

आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते, हे जाणून तिने दुसऱ्या दिवशी चिमूटभर जास्त घातलं.

"अजून कमीच," जजसाहेब म्हणाले. वेळ मारून नेली याचा त्यांना आनंदच झाला.

अशात त्यांच्या भाच्याने एका मंडळाचं सांगितलं. देशोदेशीची माणसं आपलं नाव नोंदवतात, त्यांना एखाद्या अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो. आपल्याकडे जे चांगलं तयार होतं ते, बहुतेक खायचंच, खोक्यात भरून टपालाने त्याला पाठवायचं, तो त्याच्याकडचं पाठवतो. नियम एकच: कशावर नाव लिहायचं नाही. साध्या कागदात गुंडाळायचं, आणि काय काय आहे ते वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवायचं. आधी चाखा, काय वाटलं ते लिहा, मग पाकीट फोडा. जजसाहेबांना हे फार पटलं. बिस्किटाचं नाव ऐकून चव बघणाऱ्या माणसाला त्यांनी कधी माणसात धरलंच नव्हतं.

लोकांना त्यांनी सांगितलं, वेळ जातो. खरी गोष्ट अशी, की त्यांना आशा होती. घरची चव जिभेला सवयीची. कुठून तरी लांबून एखादा असा पदार्थ येईल, जो या झोपलेल्या जिभेला गदागदा हलवून उठवील. खोकं आलं की ते दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दोरी सोडताना ते मनातल्या मनात म्हणायचे, आज लागू दे. थोडीशी, अगदी कडू लागली तरी चालेल.

लागायची नाही. मग ते डोळे मिटायचे, आणि बोलायचे.

इतक्या वर्षांचा शब्दसाठा होता. "सुरुवात सौम्य. मध्ये भरदार. आणि शेवटी हळूच रेंगाळते." हे अंजिराला चालायचं, बदामाला चालायचं, टॉफीलाही चालायचं. लिहून पाठवलं की पलीकडचा माणूस हरखून जायचा. आपल्या टॉफीत काहीतरी रेंगाळतं हे त्यालाही माहीत नसायचं. जीभ होती तेव्हा जजसाहेबांचं नाव कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलं नव्हतं. ती गेली आणि कीर्ती समुद्रापार पोहोचली. खोकं याच गृहस्थांना पाठवायचंय, अशा मागण्या मंडळाकडे यायला लागल्या.

रविवारी सकाळी खोकं फोडायचा कार्यक्रम व्हायचा. वरच्या मजल्यावरचे शिंपीमामा यायचे, समोरच्या दारातल्या नर्सबाई यायच्या, आणि जिन्याखाली दुकान असलेला फोटोग्राफर दुकानाला कडी लावून यायचा. साहेब आधी चाखणार, निकाल देणार, मग बाकीच्यांनी खायचं. एकदा शिंपीमामा निकालाआधीच बोलून गेले होते, "हे कडू आहे हो." त्यावर जजसाहेबांनी त्यांना कडूपणाची थोरवी अशी काही ऐकवली, की मामांनी तो तुकडा तर गिळलाच, वर आणखी एक मागून घेतला. तेव्हापासून सगळे साहेबांची री ओढायला शिकले.

उलट पाठवायच्या खोक्यात सुरुवातीला बायकोचा संत्र्याच्या सालीचा मुरांबा असायचा. पुढे ती म्हणायला लागली, "बाजारातलंच काहीतरी घाला हो." शेजारून मीठमसाला बघायला हाक आली, तर तिला नेमकं तेव्हाच काम निघायचं. कुणाला जेवायला थांबवणंही तिने सोडलं. जजसाहेबांना वाटलं, वय झालं, कंटाळली असेल. दुसऱ्याच्या पदार्थातलं शेवटी रेंगाळणारं सगळं ओळखणाऱ्या माणसाला, समोर बसून जेवणाऱ्या बाईचं काय चाललंय हे काही ओळखता आलं नाही.

एका रविवारी मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईचं खोकं आलं होतं. मधाची बाटली निघाली, सुकवलेली फळं निघाली, आणि तळाशी मेणकागदात गुंडाळलेली एक फिकट पिवळी वडी. वर बदामाचा भरडा लावलेला. नर्सबाईंनी लांबूनच नाक पुढे केलं. "अय्या, मधाचा काय सुंदर वास सुटलाय!"

जजसाहेबांनी सुरीने वडीचे चौकोनी तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आज लागू दे.

आणि लागलं!

जिभेच्या टोकाला काहीतरी चुरचुरलं. मग कडेला. मग घशापर्यंत. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडात काहीतरी घडत होतं. त्यांनी घाईघाईने दुसरा तुकडा टाकला. पुन्हा चुरचुरलं, पहिल्यापेक्षा जास्त! जजसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सौम्य, भरदार वगैरे काही त्यांना सुचलंच नाही.

"मंडळी," ते कसेबसे म्हणाले, "आजवर जे खाल्लं ते सगळं एका बाजूला, आणि हे एका बाजूला. खा. अहो, बघता काय, खा!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. तिघांनी एकेक तुकडा उचलला. शिंपीमामांचा जबडा मध्येच थांबला, पण साहेब त्यांच्याकडेच बघत होते, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. "वेगळंच आहे," मामा म्हणाले. "तोंडात पसरतं," नर्सबाई म्हणाल्या, आणि हे अगदी खरं होतं. फोटोग्राफरला काहीच शब्द सापडेना, म्हणून त्याने नाइलाजाने दुसरा तुकडा घेतला.

"अगं, तू पण घे ना!" जजसाहेबांनी बायकोला हाक मारली. ती चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तुकडा तोंडात घातला, सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, ट्रे तसाच टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

जजसाहेब आज इतके खुशीत होते, की हातात तुकडा घेऊन तिच्या मागोमाग गेले. जीभ परत आल्याचं तिला पहिल्यांदा सांगायचं होतं. गेल्याचं सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ती ओट्याला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. तुम्ही जा बाहेर."

"रडतेस काय अशी? सांग बरं."

"अहो, माझी जीभ गेली," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. वर्ष होत आलं. मला रस्सा नुसता खारटढाण लागतो, आणि तुम्ही म्हणता मीठ कमी. मी वाढवत जाते, तुम्ही म्हणता अजून कमीच. तुमची जीभ कशी चुकेल? म्हणजे चुकतेय ती माझीच. म्हणून तर मुरांबा बंद केला. लोकांकडे जाणं सोडलं, उगाच कुणाचं अन्न बिघडवायचं... पण आज अगदी हद्द झाली हो. तुम्ही सगळे मिटक्या मारत खाताय, आणि मला ते साबणासारखं लागलं. चक्क साबणासारखं!"

जजसाहेबांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग नळ सोडला आणि तो तुकडा दोन्ही हातांत चोळला. काय फेस आला! पांढराशुभ्र, भरदार, आणि पाणी टाकलं तरी रेंगाळणारा. म्हणजे ते चुरचुरणं साबणाचं होतं. जीभ आली नव्हती, सोलवटली होती.

फेसाचे हात घेऊन ते उभे राहिले. सुटका अजून होती. 'तुम्हा सगळ्यांची गंमत केली' असं म्हटलं असतं, तर लोक आठवडाभर हसले असते आणि जजसाहेब जजसाहेबच राहिले असते. फक्त ती उद्या पुन्हा रस्स्यात चमचाभर मीठ घालणार होती आणि स्वतःचं तोंड चुकतंय असं समजून मुकाट्याने गिळणार होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर तिच्याकडे बघवेना.

"हा साबणच आहे," ते म्हणाले. "तुझी जीभ ठणठणीत आहे. गेलीय ती माझी."

"माझी समजूत काढू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "बाहेर तिघं खातायत ना? तेही खोटे?"

ती विश्वास ठेवणार नव्हती. ठेवील कशी? इतकी वर्षं तिला स्वतःच्या जिभेपेक्षा दुसऱ्याच्या जिभेवरच विश्वास ठेवायला लावला होता. जजसाहेब तसेच ओल्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेले.

"मंडळी, थांबा. हा साबण आहे."

शिंपीमामांनी जपून विचारलं, "म्हणजे... साबणासारखा मऊपणा आहे, असंच ना, साहेब?"

"नाही हो मामा. साबण. अंगाला लावायचा." त्यांनी तळहात पुढे केले. "आणि मला ते कळलं नाही, कारण मला कशाचीच चव कळत नाही. त्या तापापासून. खोकी आली, मी बोलत राहिलो, ते सगळं तोंडाला येईल ते. आणि हिला वर्षभर 'मीठ कमी, मीठ कमी' म्हणत होतो, तेही तसंच."

"मला पहिल्या घासालाच वाटलं होतं," नर्सबाई म्हणाल्या आणि तोंडावर रुमाल दाबून मोरीकडे पळाल्या. फोटोग्राफर दोन तुकडे गिळून बसला होता. त्याने हळूच शिंपीमामांना विचारलं, "आता याच्यावर पाणी प्यायचं की नाही प्यायचं?"

बायको दारात उभी होती. ती पुढे आली. बशीतला एक तुकडा उचलून तिने दाताने तोडला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चावला, जजसाहेब कारखान्यातल्या टेबलावर चावत असत तसा. तिचा चेहरा आधी कसनुसा झाला, आणि मग उजळत गेला. साबण खाऊन एवढं आनंदी झालेलं माणूस त्या खोलीत कुणीच पाहिलं नव्हतं.

"साबणच!" ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात फेस, आणि डोळ्यांत पुन्हा पाणी. "बाई गं, साबणच आहे!"

मग ती आत गेली. पातेलं उचलल्याचा, रस्सा मोरीत ओतल्याचा आणि पातेल्यात नवं पाणी पडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. पाहुणे तोंडं धुऊन एकेक करून सटकले. जाताना कुणी 'येतो साहेब' म्हटलं नाही, नुसतं 'येतो' म्हटलं.

जजसाहेब स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ती कांदा चिरत होती, भराभर. तिने मिठाच्या डब्यात हात घातला, चिमूट उचलली, थांबली, अर्धी परत टाकली, आणि उरलेली पातेल्यात सोडली. पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"रागावलीस ना?" त्यांनी विचारलं.

"रागवायचंय," ती वळून न बघता म्हणाली. "चांगलं पोटभर रागवायचंय तुमच्यावर. पण आधी मला जेवू द्या. वर्ष झालं, धड जेवले नाहीये मी."