पाच फुटांच्या अलीकडे

माणसामाणसांत दहा फूट अंतर राहिलं तर जगातली निम्मी भांडणं मिटतील, असं मनापासून मानणारा आणि तसं वागून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डहाणूला आमच्या समोरच्या खोलीत राहणारे ओव्हरसियर. कालव्याच्या कामावर होते, त्यामुळे अंतर हा त्यांच्या पोटापाण्याचाही विषय होता. खिशात एक वेळ रुमाल नसे, पण टेप असे. आमचं वर्तमानपत्र परत करायचं तर ते फाटकावर ठेवत, वर दगड ठेवत आणि रस्त्यापलीकडे पोचल्यावर "मास्तर, पेपर!" अशी हाक देत. लग्नात मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून अक्षता टाकत; त्या नवरानवरीपर्यंत कधीच पोचल्या नाहीत, मधल्या टकलांवरच पडल्या. स्वतःचं लग्न केलेलं नव्हतं. का, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं तेव्हा "राहिलं" एवढंच म्हणाले आणि घाईघाईने कुंपणाची मेंदी कापायला लागले. कुंपण आमचं होतं.

अशा माणसाला लहान मुलांचे फोटो काढायचा नाद होता. स्टुडिओच्या पडद्यापुढे, पावडर थापून ताठ उभी केलेली मुलं त्यांना बघवत नसत. "हा फोटो आहे की पंचनामा?" असं ते लोकांच्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघून म्हणत, अर्थात दारातूनच. मुलं बाहेर, झाडाखाली, आपल्या नादात असताना टिपायची. कॅमेरा होता, पण त्यावरची पन्नास मिलिमीटरची लेन्स मनाला येत नव्हती, आणि लांबून टिपणारी पंच्याऐंशीची घ्यावी की त्याहूनही लांबून टिपणारी एकशेपस्तीसची, या प्रश्नावर त्यांनी दोन वर्षं घालवली. लोक सून पसंत करताना इतका विचार करत नाहीत. चिकूच्या झाडाला त्यांनी एक नारळ टांगला, त्याला कणकेचं नाक लावलं, जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि पुठ्ठ्याची चौकट डोळ्यांपुढे धरून चार फुटांवरून, सात फुटांवरून, पंधरा फुटांवरून त्या नारळाकडे बघत राहिले. "जवळून काढलं की नाक फुगतं, मास्तर," ते मला रस्त्यापलीकडून ओरडून सांगत. "लांब गेलं की चेहरा खरा दिसतो. माणसांचंही तसंच आहे!" मुंग्यांनी नाक खाल्लं की नवं लावत. बाजारातल्या फोटोवाल्या गुजराती शेठने तर हात टेकले होते. "साहेब, पचासमां बधूं आवे, सगळं येतं. पोराचा फोटो काढायला एवढी लांब नळी कशाला, शूं करवा?"

निकाल लावला तो वेवजी गावच्या पोरांनी. तिकडे कामाला गेलेले असताना एका पाड्यावर मुलं खेळताना दिसली, म्हणून यांनी टेप सोडली आणि पुठ्ठ्याची चौकट काढून रोखून बघायला सुरुवात केली. सरकारी माणूस मुलांकडे एवढं निरखून बघतो तो कशासाठी, हे तिथल्या मुलांना पक्कं ठाऊक होतं. "सुईवाला आला रं!" अशी आरोळी उठली आणि क्षणात अंगण मोकळं. उरली एक म्हातारी. तिने दंडावरचं लुगडं वर सरकवलं आणि म्हणाली, "पोरां पळाली, बाबा. मला टोच."

ओव्हरसियर तिथून परतले ते एकशेपस्तीसचा निश्चय करूनच. "मी तिथे आहे हे मुलांना कळताच कामा नये," ते म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो. लेन्स मुंबईहून आली. पाच फुटांच्या अलीकडचं काही तिला स्पष्ट दिसत नाही, हा तिचा दोष मी दाखवला, तर म्हणाले, "दोष कसला? सोय आहे ती."

त्यांचा हा नियम न पाळणारी गावात एकच व्यक्ती होती, माझी पाच वर्षांची मनू. ती थेट त्यांच्या ओट्यावर चढे, खिशातली टेप काढे आणि त्यांचे कान, पोट, चपला मोजत सुटे. ते तपासणीला उभं राहिल्यासारखे अंग चोरून बसत. पण तिच्या यायच्या वेळी, दुपारी चार वाजता, ओटा झाडून ठेवलेला असे, हे आमच्या खिडकीतून दिसायचं.

मग माझी बदली झाली. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच फाटकाच्या आत, आमच्या पायरीपर्यंत आले. "जायच्या आधी मनूचे फोटो काढू द्याल?" एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. आमच्या सामानाबरोबर त्या माणसाची दुपारही गाडीत चढणार होती.

रविवारी आम्ही नरपडच्या किनाऱ्यावर गेलो. मनू शिंपल्यांत रमली आणि ओव्हरसियर सुरूच्या झाडाआडून टिपत राहिले. रोलमधला शेवटचा एकच फोटो उरला असताना तिने त्यांना पाहिलं आणि "काका!" म्हणून धावत सुटली. हे मागे सरकले. "मनू, तिथेच थांब! तिथूनच हस!" तिला वाटलं, खेळच आहे. ती पुढे, हे मागे, कॅमेरा डोळ्याला तसाच. ओली वाळू आली, पाणी आलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मासळी वाळवणाऱ्या बाया हातातलं काम टाकून हसत होत्या, आम्हीही पोट धरून हसत होतो. शेवटी मागे नुसता समुद्र उरला. कॅमेरा वाजला आणि मनूने त्यांचा शर्ट धरला. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून पाण्यातच उभे राहिले.

नव्या गावी पोस्टाने पस्तीस फोटो आले. एकेक असा की बघत राहावं. छत्तिसावा बिघडला असेल, असं आम्ही समजलो.

आठ वर्षांनी डहाणूला जाणं झालं. ओव्हरसियर निवृत्त झाले होते, खोली तीच होती. माझी खुर्ची त्यांनी दाराशी मांडली आणि स्वतः पार पलीकडच्या खिडकीत बसले. भिंतीवर एकच फोटो होता. गुलाबी ढगासारखं काहीतरी, मधे बहुधा नाक. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ते ओशाळले.

"फुकट गेलेला आहे तो. पाच फुटांच्या आत आली होती ना."

मग त्यांनीच विचारलं, "केवढी झाली हो आता?"

मी उठलो आणि खांद्याजवळ आडवा हात धरला, एवढी. त्यांनी खिशातून टेप काढली, खोली ओलांडून माझ्याजवळ आले आणि खाली बसून जमिनीपासून माझ्या तळहातापर्यंत मोजलं.

"चार फूट अकरा," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळून झाल्यावरही बराच वेळ तिथेच, माझ्या हाताशेजारी उभे राहिले.