समोर बसून शिकलेला पीळ

आत्याच्या हाताला तोड नव्हती आणि जिभेलाही नव्हती. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची, पण खरी भाची एकच होती. तिच्या भावाची ही मुलगी, आईबाप गेल्यावर नऊ वर्षांची असताना एक गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. आत्याने तिला आत घेतलं, पाय धुवायला लावले आणि दुसऱ्याच दिवशी हातात टकळी दिली. मी तेव्हा तिथेच होते. मी वरच्या खोलीत राहायचे आणि खाली येऊन आत्यासाठी लोकर पिंजून तिच्या कातायच्या वाती, म्हणजे पेळू, वळायचे. मी पिंजायचं, तिने कातायचं, अशी आमची बरीच वर्षं चाललेली जोडी होती.

खोलीला रस्त्याकडे एकच खिडकी होती. उजेड पडायचा तिथे आत्याचं स्टूल होतं, आणि तिच्यासमोर तिने पोरीचं स्टूल ठेवलं. मी करते तसं कर, बोलू नकोस, असं तिला सांगितलं. पोर हुशार होती. तिने समोर बघून बघून सगळं उचललं, पण आरशात बघून उचलावं तसं. आत्या टकळीला उजव्या हाताने गिरकी द्यायची, पोर डाव्या हाताने द्यायला लागली. आत्याची टकळी एका बाजूला फिरायची, पोरीची दुसऱ्या. त्यामुळे धाग्याला पीळ बसायचा तो उलटा.

हे मला पहिल्याच तासात दिसलं. आत्याला तर त्याच्याही आधी दिसलं असणार, कारण तिच्या नजरेतून केसभर काही सुटायचं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं हो. मी मूग गिळून गप्प बसले ती बसलेच.

लोकांना वाटतं, उलट्या पिळाने काय बिघडतं? एकेरी धाग्याचं काहीच बिघडत नाही. तो दिसायला तसाच आणि बळकटही तसाच. पण दोन धागे एकत्र पिळून दुहेरी सूत करायला घेतलं, आणि त्यातला एक सुलट आणि एक उलट निघाला, की एक सैल पडून फुगतो आणि दुसरा आवळत जातो. त्याला जागोजागी वेटोळी पडतात आणि शेवटी तो तुटतो. पोरीला हे कळायला मार्गच नव्हता. दुहेरी पीळ द्यायचं काम आत्याने तिच्या हाती कधी दिलंच नाही. तुझी अजून लायकी नाही, म्हणायची. पोरीचे धागे ती पोरीच्याच धाग्यांबरोबर, पोर घरी नसताना, पिळून ठेवायची.

पोर चरख्यावर आली तेव्हाही तसंच झालं. तिचा चरखा आत्याच्या समोर आणि तिचं चाक उलट्या दिशेने. धागा मात्र असा निघायचा की बघत राहावं. आत्याने कधी कौतुकाचा शब्द काढला नाही. जरा जाडबारीक झालं की सगळी लड पोरीच्या मांडीवर फेकायची आणि उकलायला लावायची. एकदा पोर तापाने फणफणली होती तरी उकलायला बसवलं. वर म्हणे, ताप डोक्यात आहे, बोटांत नाही. मला हसू आलं होतं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पोर एकोणीस वर्षांची झाली तेव्हा पुलापलीकडच्या विणकामाच्या कारखान्यात एक जागा निघाली. तिथे हाताने कातणाऱ्या बारा बायका होत्या आणि प्रत्येकीला राहायला कारखान्याची एक खोली मिळायची. स्वतःच्या खोलीला स्वतःची कडी, एवढंच त्या पोरीला हवं होतं. महिनाभर तिने माझ्याजवळ दुसरा विषय काढला नाही. खिडकी कुठल्या बाजूला असेल, स्टूल कुठे ठेवायचं, सगळं तिचं ठरलेलं. आत्याला विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, जा की, मी कुठे अडवते.

मी तिला तेव्हा सांगू शकले असते. चाकावरून चातीवर, म्हणजे धागा गुंडाळणाऱ्या सळईवर, जाणारी दोरीची माळ असते ना, ती मधे फुली मारून अडकवली की चाक त्याच हाताने, त्याच दिशेने फिरवलं तरी चाती उलटी फिरते. दोन मिनिटांचं काम. पोर पंधरा दिवसांत सरावली असती. पण ती गेली तर आत्या एकटी किती कातणार, आणि मग माझे पेळू कुणाला लागणार? मला माझं पोट दिसलं. दुसरं कारण सांगत बसत नाही.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. कारखान्याच्या मास्तरने तिचा धागा दोन बोटांत धरला, उजेडात बघितला, खूश झाला. मग कारखान्यातला एक धागा त्याला जोडून पिळायला घेतला. हातभर सूत झालं असेल नसेल, पोरीचा धागा आवळून वेटोळी घालायला लागला आणि तटकन तुटला. मास्तरने पुन्हा केलं, पुन्हा तुटला. त्याने तो तुकडा बाराही बायकांना दाखवला.

"हे सूत आहे की डुकराच्या शेपट्या? कुणी शिकवलं तुला?"

तिने आत्याचं नाव घेतलं. त्यावर तर सगळ्या जास्तच हसल्या, कारण आत्या उलटं शिकवेल यावर कुणाचा विश्वास बसणार? मास्तर म्हणाला, आता सुलट फिरवून दाखव. तिने दाखवायला घेतलं, पण दहा वर्षांची सवय अशी उभ्या उभ्या सुटते होय? चार वेळा धागा तुटला. जागा दुसरीला गेली. त्या दिवसापासून पुलापासून आमच्या गल्लीपर्यंत तिचं नाव शेपटी पडलं.

घरी आल्यावर ती रडली नाही. आत्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, पहिल्या दिवशी तुला दिसलं होतं का? आत्याचं चाक थांबलं नाही.

"दिसलं होतं," आत्या म्हणाली. "तू गेली असतीस. मग माझं कोण होतं?"

मग पोर माझ्याकडे वळली. "आणि मावशी, तुम्हाला?"

मी फणीतली लोकर काढत राहिले.

माळेची फुली तिने स्वतःच शोधून काढली. पंधरा दिवस लागले तिला, मोजून पंधरा. पण पुढे जागा निघालीच नाही. वर्षभरात कारखान्यात यंत्रं आली आणि त्या बाराही जणींना खोल्या सोडाव्या लागल्या. पोर आत्याकडेच राहिली. दोन्ही पीळ येणारी सगळ्या गावात ती एकटी.

बारा वर्षांनी आत्याला झटका आला. डावा पाय गेला, नजर अंधुक झाली, बोटं हलायची पण त्यांची टोकं बधिर. पोरीने तिचं सगळं केलं, खोटं कशाला बोलू. न्हाऊ घातलं, भरवलं, अंथरुणात कधी ओल राहू दिली नाही. गल्लीतल्या बायका तिचे गोडवे गायच्या.

आत्याला एकच हवं होतं, कातणं. ते तर होणार नव्हतं, म्हणून मग निदान दुहेरी पीळ तरी देते म्हणाली. पोरीने तिला उशीला टेकवून बसवलं, एक टकळी दिली आणि दोन धाग्यांची टोकं हातात दिली. आत्याने गिरकी दिली. हातभर सूत झालं आणि तटकन तुटलं. दुसऱ्या दिवशीही तुटलं. महिनाभर रोज सकाळी हेच. पोर वेटोळी पडलेले तुकडे उचलून चादरीवर ओळीने मांडून ठेवायची आणि म्हणायची, होतं असं, उद्या पुन्हा करू. आत्या त्या तुकड्यांवरून तळवा फिरवायची. जन्मात कुणाची माफी न मागितलेली बाई, सूत वाया गेलं म्हणून पोरीची माफी मागायला लागली.

मी एकदा पेळू घेऊन खाली गेले तर आत्याने मला पलंगाजवळ बोलावलं. दोन्ही धागे माझ्या हातात दिले.

"तू बघ गं. मला बोटांना कळत नाही. दोन्हीचा पीळ एकच आहे ना? का माझे हातच गेले?"

मी धागे चिमटीत धरून फिरवले. एक सुलट होता, एक उलट. आंधळ्यालाही कळलं असतं. मान वर केली तर पोर खिडकीपाशी, आत्याच्या जुन्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती. नुसतं बघत होती.

"एकच आहे," मी म्हणाले. "हातच गेले आत्या तुझे."

आत्याने टकळी चादरीवर ठेवली आणि पुन्हा कधी मागितली नाही.