डावीकडे कललेली टोपी

जुन्या लष्करी टोप्या घ्यायच्या, डागडुजी करायची आणि शौकिनांना विकायच्या, हा टोपीवाल्या काकूंचा धंदा. दुकान मुळात नवऱ्याचं, शिवणकामाचं. काकूंनी आधी कोपऱ्यात एक काचेचं कपाट टाकलं, मग दुसरं, आणि बघता बघता अर्धं दुकान त्यांचं झालं. "मी आता माझ्याच दुकानात भाडेकरू," असं नवरा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

टोपी हातात आली की काकू बिल्ल्याकडे सगळ्यात शेवटी बघत. बिल्ला काय, कोणीही आणून लावतो. त्या आधी कापड चिमटीत धरत. जुनं लोकरी सर्जचं कापड बोटांना किंचित टोचतं, नकली गुळगुळीत लागतं. मग शिवणीतून सुटलेला एखादा धागा मेणबत्तीवर धरत. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्यानंतर पडदा ओढून अतिनील किरणांचा निळा दिवा. हल्लीच्या धाग्यांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन त्या दिव्याखाली चमकतं, जुनं कापड काळंच राहतं.

एका टोपीला मात्र काकूंनी कधी हात लावला नव्हता. ती होती त्यांच्या सासऱ्यांची. ते लढाईवर गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हा काकूंचा नवरा लहान होता आणि वन्सं आईच्या पोटात. पुढे सासऱ्यांचा एक मित्र ती टोपी घरी देऊन गेला. सासूबाईंनी ती लेकीला दिली. दादा निदान बापाच्या मांडीवर खेळला, हिच्या वाट्याला तेवढीच टोपी. काकूंनी एकदा ती वन्संच्या कपाटात लांबून पाहिली होती. इतक्या वर्षांची टोपी इतकी स्वच्छ कशी, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथेच दाबलं.

एका दुपारी वन्संच ती घेऊन दुकानात आल्या.

"वहिनी, संग्रहालयवाले नवं दालन करतायत. टोपी मागितलीय. म्हटलं, आधी तुझ्या हाताखालून जाऊ दे."

काकूंनी हात मागे घेतला. "दुसऱ्या कोणाला दाखवू या का, वन्सं? एक जण आहे माझ्या ओळखीचा."

"का? तुला कळत नाही?"

"कळतं, म्हणूनच म्हणते."

वन्संनी टोपी काकूंसमोर ठेवली. मग म्हणाल्या, "मलाही वाटून गेलंय ते. आईसमोर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाबांच्या त्या मित्राने कुठूनतरी आणली असेल. तू बघ. असेल ते सांग."

होडीच्या आकाराची, घडी घालून खांद्याच्या पट्टीत खोचायची ती टोपी. काकूंनी पडदा ओढला आणि दिवा लावला. कापड निळसर पांढरं चमकलं. मागे नवऱ्याचं मशीन थांबलं. काकूंना क्षणभर वाटलं, अस्सल आहे म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण वन्संच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"चमकतंय, वन्सं. जुनं कापड असं चमकत नाही."

वन्संनी मान हलवली. टोपी जवळ ओढली, तिच्यावरून हात फिरवला. "आणि मी वेडी, दर उन्हाळ्यात पुसून ठेवत आले."

"कशाने?"

"साबणाच्या पावडरीच्या पाण्यात फडकं पिळून."

काकूंनी कपाळावर हात मारला. कपड्यांच्या पावडरीतही तेच रसायन असतं, हे त्या गिऱ्हाइकांना उठता बसता सांगत, आणि आज नेमकं तेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. पुन्हा दिवा धरला. चमक सगळीकडे सारखी नव्हती. फडकं फिरल्यासारखे तिचे पट्टे होते. त्यांनी कडेच्या दुमडीचे टाके उसवले. फडकं जिथे पोचलंच नव्हतं, तिथलं कापड दिव्याखाली काळंभोर राहिलं. आतला धागा मेणबत्तीवर धरला. केसांचा वास आला, राख चुरली.

"वन्सं, त्याच काळातली आहे," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "कोणाच्या डोक्यावर होती, ते काही कापड सांगत नाही. पण रोजची वापरातली आहे. हा बघा आतला तेलाचा डाग, सगळा डाव्या बाजूला. आणि गंमत म्हणजे, ही टोपी उजवीकडे कललेली घालतात. हा माणूस डावीकडे कलती करायचा."

"बाबा," मशीनमागून नवरा म्हणाला. "आई सांगायची. उलट्या बाजूला टोपी म्हणून सारखी बोलणी खायचे."

वन्संनी वळून पाहिलं. "मला कधी नाही सांगितलं तिने."

"तुझ्यासमोर तिला रडू यायचं."

वन्संचे डोळे भरले, आणि तशातच त्यांना हसू फुटलं. "म्हणजे ऐकायचं नाही, हे आपल्या घरात तिथून आलंय."

काकूंनी पडदा सारला. दुकानात उजेड आला. "मग, देणार संग्रहालयाला?"

"आता देववेल. नकली निघाली असती तर कोणाला दाखवली नसती, जपून ठेवली असती." वन्संनी नाक पुसलं. "पण कलती मांडा म्हणून सांगणार आहे. डावीकडेच."

काकूंनी दुमड पुन्हा शिवायला घेतली. वन्सं भावाच्या मशीनपाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, आणखी काय काय सांगायची रे ती?"