एकावन्न डबे, वीतभर रूळ आणि रुसलेले व्याही

"रेल्वे बघायला आपण अशा तालुक्याला चाललोय, जिथे रेल्वेच नाही," हे मी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नाशिक सोडायच्या आधी निदान तीनदा ऐकवलं. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. सुधीर रेल्वेवेडा आहे. लग्नानंतर महाबळेश्वरला जाताना वाटेत पुण्याला त्याने मला इंजिनांचं शेड दाखवलं होतं, तेव्हाच मी समजून चुकले.

छोट्या रेल्वेच्या शौकिनांचा त्याचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मेहकरजवळच्या एका गावातल्या भास्करभाऊंचा निरोप आला होता: रविवारी एकावन्न डब्यांची गाडी, माणसं बसवून, एकाच इंजिनाने ओढणार, जरूर या. भाऊंचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना. त्यातूनच उरल्यासुरल्या लोखंडाचा त्यांनी आपल्या शेताभोवती वीतभर रुंदीचा रूळ टाकला आणि पॉवर टिलरच्या जुन्या इंजिनावर रेल्वे इंजिनासारखा गुडघाभर उंचीचा सांगाडा चढवला. डबा म्हणजे चाकं लावलेला बाक. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. एवढ्याशा रुळावर एवढी लांब आणि जड गाडी आपल्याकडे कोणी चालवल्याचं ग्रुपमधल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. सुधीरने दुसऱ्या मिनिटाला तिकिटं काढली.

समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन गेलो असतो तर थेट मेहकरला उतरलो असतो. पण रेल्वे बघायला रेल्वेनेच जायचं, हा त्याचा धर्म. सकाळची गाडी पकडून दुपारी शेगावला उतरलो, कचोरी खाल्ली, दर्शन घेतलं. भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळाली. गर्दीचे दिवस सोडून गेलात तर फारशी वाट पाहावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शेगाव ते खामगाव, आणि तिथून एसटी बदलून जानेफळवरून मेहकर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे मी खिडकी घेतली आणि सुधीरला म्हटलं, पूर्ण तिकीटवाल्यांनी बॅगा सांभाळाव्यात. रस्ता काही ठिकाणी छान, काही ठिकाणी कंबर तपासणारा. दोन्हीकडे हरभरा, मधूनच तूर कापून उघडी पडलेली रानं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं जाऊन राह्यले?"

"मेहकरला. रेल्वे बघायला."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. "काऊन गरिबाची मजा घेता बाई? आमचा आजा रेल्वेची वाट पाह्यत गेला, बाप गेला, आता मी पाहून राह्यलो."

मी मोबाइलवर भाऊंच्या गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "बारकी आहे. पन आली त खरी!"

मेहकरला बालाजीच्या जुन्या देवळात नक्की जा. काळ्या पाषाणातली मूर्ती इतकी देखणी आहे की सुधीरसुद्धा पाच मिनिटं रेल्वे विसरला. मुक्कामाला मात्र भाऊंच्या घरीच जावं लागलं. लॉजचं नाव काढलं तर त्यांनी फोनवरच आवाज चढवला.

जेवताना खरी गोष्ट कळली. मागच्या वर्षी चाळीस डब्यांचा प्रयत्न झाला होता. भाऊंची मुलगी ज्योती वरवट बकालला दिलेली. तिचे सासू-सासरे, विमलबाई आणि दादाराव, खास पाहुणे म्हणून आले होते. मानाची जागा म्हणून भाऊंनी त्यांना सगळ्यात शेवटच्या डब्यात, गादी आणि छत लावून बसवलं, कारण तिथून वळणावर अख्खी गाडी दिसते. त्यांच्यासोबतची भारदस्त मंडळीही मागेच. इंजिनाजवळ चिल्लीपिल्ली. चढाच्या वळणावर डबे जोडणारी मधली एक पिन तुटली. इंजिन पोराटोरांना घेऊन पुढे निघून गेलं आणि व्याही हारतुऱ्यांसकट भर उन्हात तुरीच्या कडेला राहिले. लोक हसले. दादाराव उतरले आणि न जेवता जीपमध्ये बसले.

"तवापासून या घरात पाय नाही ठेवला त्याईनं," ज्योती म्हणाली. "मी बी सणाले येतो, एका दिसात परत जातो. इथं बाबा गप, तिथं मामंजी गप. मीच दोन्हीकडं बोलून राह्यली." हसत म्हणाली, पण ताटातली भाकरी तिने तशीच ठेवली होती. मला फार वाईट वाटलं. यंदा तिनेच सासूच्या मागे लागून दोघांना बोलावलं होतं. गाडी पुन्हा तुटली, तर तिसऱ्यांदा बोलवायला तिला तोंड राहणार नव्हतं.

रविवारी सकाळी शेतात जत्रा. एका बाजूला गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायला टाकलेले, मोठ्या भांड्यात वांग्याची भाजी, वरणाला फोडणी. ट्रॅकवर एकावन्न डबे उभे. इंजिन विहिरीपाशी आणि शेपूट पार चिंचेखाली. वरवट बकालची जीप आली. दादाराव उतरले, भला थोरला माणूस, हात जोडले, पण भाऊंकडे न बघता.

आणि इथे भाऊंची खरी पंचाईत झाली. मागचं माणूस जड असलं की त्याचं ओझं मधल्या प्रत्येक पिनेवर पडतं. जड माणसं पुढे बसवली की ते पहिल्या चार-दोन पिनांवरच येतं, आणि त्या पिना भाऊंनी मनगटाएवढ्या केल्या होत्या. म्हणजे जड पुढे, हलकं मागे. त्यासाठी कापूस मोजायचा काटाही आणून ठेवला होता. पण काट्यावर चढायला एक माणूस तयार होईना! बायका पदर सावरत चुलीकडे पळाल्या. गावातले पुढारी एकाएकी फोनवर बोलू लागले. मीसुद्धा रोडगे उलटायला मदत करू लागले, ज्यातलं मला काडीचं कळत नाही.

इंजिनामागे ज्योती बापाशी हळू आवाजात भांडत होती. "बाबा, मामंजीले पुढंच बसवा."

"इंजिनाच्या धुरात? अन् काट्यावर चढा म्हनू? इवायाले जोखते का कोनी? मागंच बसू दे त्याईले. मानाची जागा आहे."

"मान देता देताच त तुटली मागच्या साली!"

पिना, वजनं, चढ या सगळ्याचा विचार केलेला हा माणूस व्याह्यांपुढे मात्र पार हतबल झाला होता.

हे विमलबाईंनी ऐकलं. त्या तरातरा चालत आल्या, चपला काढल्या, देवळात शिरावं तशा काट्यावर चढल्या आणि आकड्यासमोर उभ्या असलेल्या सुधीरला म्हणाल्या, "वाच भाऊ. मोठ्यानं वाच, लाजू नको."

सुधीर घाबरून म्हणाला, "ब्याऐंशी."

"ऐकलं का साऱ्याईनं? ब्याऐंशी! आता तुमी काऊन लपता?" मग नवऱ्याकडे वळल्या. "या, चढा. मी एकटीच चढू का? घरात जड मानूस पुढं चालते, तं गाडीत काऊन मागं?"

दादारावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. ज्योतीने खाली मान घातली होती. त्यांनी टोपी काढून तिच्या हातात दिली आणि चढले. म्हणाले, "टोपीचं वजन धरू नोका." माणसं खो-खो हसली. यंदाच्या हसण्यात तेही होते. त्यानंतर काट्यापुढे जी रांग लागली, ती आवरेना. माझाही आकडा सुधीरने मोठ्याने वाचला. तो इथे देणार नाही.

दादाराव आणि विमलबाई इंजिनामागच्या पहिल्या डब्यावर, नाकाला दुपट्टा बांधून. मी मध्यावर, माझ्यापुढे ज्योती. भाऊंनी आधी गाडी थोडी मागे रेटून सगळे डबे एकमेकांना टेकवले आणि मग पुढे घेतली. खट, खट, खट करत एकेक डबा हलत गेला आणि तो खट माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी बाक घट्ट धरला. गाडी निघाली! बैलगाडीपेक्षा सावकाश, पण निघाली.

चढ आला. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, धूर झाला. भाऊंनी रुळावर वाळू टाकायला सांगितली. गाडी हात-दोन हात मागे घेऊन पुन्हा जोर लावला. तुरीच्या कडेची ती जागा आली. ज्योतीने डोळे गच्च मिटले होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगायचं तर आधार मलाच हवा होता.

पुढून एकदम दादारावांचा आवाज आला. ते डब्यावर उलटे वळून मागे बघत होते. "आली बे भास्कर! सारीच्या सारी आली!"

व्याह्यांमध्ये सगळा कारभार अहो-जाहोचा. 'बे' तर फक्त जिवाभावाच्या माणसाला म्हणतात. भाऊंनी इंजिनावरून हात न काढता नुसती मान डोलावली. मग कितीतरी वेळ ते बाहीने डोळे पुसत होते. धूर होता म्हणा.

पंगतीत दादारावांनी रोडग्यावर तुपाची धार धरायला सांगितली आणि बस म्हणायचं विसरले. निघताना ज्योती आपली पिशवी घेऊन जीपपाशी आली, तर विमलबाईंनी ती काढून घेतली. "राह्य आठ-पंधरा दिस. न्यायले आमी दोघं येऊ."

आम्ही सोमवारी लोणार बघून परतलो. मेहकरहून ते जवळ आहे, सकाळी लवकर निघा, उन्हात सरोवराचा उतार चढणं सोपं नाही. घरी आल्यापासून सुधीर गच्चीची मापं घेतो आहे. मी दुर्लक्ष करते आहे. विक्रमाची कुठे नोंद झाली का, असं बरेच जण विचारतात. झालेली नाही. भाऊंनाही त्याची घाई दिसत नाही.

परवा ज्योतीला फोन केला. म्हटलं, पोचलीस का सासरी?

"कुठची जातो ताई!" ती म्हणाली. मागे घणाचे ठोके आणि दोन पुरुषांचं जोरात बोलणं ऐकू येत होतं. "आत्याबाई अन् मामंजी मले न्यायले आले, त्याले चार दिस झाले. मामंजी सकाळपासून बाबासंगं पिना ठोकून राह्यले, आत्याबाई आईसंगं पापड लाटून राह्यल्या. मी पिशवी भरून बसली आहो, अन् मले न्यायचं कोनी नावच काढत नाही!"