ताईचा न धरलेला रविवार

जालन्याहून कुठल्याही दिशेला निघायचं असेल, तर वाटेत संडास कुठे आहे हे माझ्या ताईला विचारावं. कोणत्या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, कोणत्या ढाब्यावर कडी लागत नाही, कुठे नळ आहे पण बादली नाही, सगळं तिला तोंडपाठ. मी चिडवायचो, निवृत्त झालीस की यावर एक पुस्तक काढ. ती म्हणायची, तुझं पोट एकदा असं दुखू दे, पहिली प्रत तूच घेशील.

पंधरा वर्षं तिला हा त्रास आहे. पोटात पिळवटून येतं, पोट फुगतं, कधी दिवसातून सहादा पळावं लागतं, तर कधी चार-चार दिवस काहीच नाही. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल. आमच्या नातेवाइकांना तेवढंच पुरलं. कोणी बेंबी सरकली म्हणून चोळायला नेलं, कोणी म्हणालं, हे रिकामपणाचं दुखणं. राजूरजवळच्या शाळेत दोन वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईला रिकामी म्हणायला यांची जीभ कशी वळली, देव जाणे. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की याला आयबीएस म्हणतात. आतड्यांना जखम नाही, पण दुखणं खरं आहे. पूर्ण जाईलच असं नाही, सांभाळत राहावं लागेल. ताई दवाखान्याबाहेर येऊन रडायला लागली. मला वाटलं घाबरली.

"घाबरले न्हाई रे," ती म्हणाली. "खरं हाय म्हणले ना ते. एवढंच ऐकायचं व्हतं मला."

मग तिने सांभाळायला सुरुवात केली, आणि ते बघून मी तरी थक्क झालो. दूध बंद, हरभऱ्याची डाळ बंद, कच्चा कांदा बंद, दुखलं की नुसता मऊ भात. कुठेही जायचं तर स्वतःचा डबा. चतुर्थीला राजूरचा रस्ता गणपतीच्या गर्दीने तुंबतो, म्हणून त्या दिवशी ती पहिल्याच गाडीने निघायची. गाडीत अडकून पडणं तिला परवडणारं नव्हतं. वर्गात कळ आली की खुर्ची टेबलाला घट्ट लावून बसायची आणि पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायची. तिच्या शाळेतल्या पोरांना तिसापर्यंतचे पाढे घडाघडा येतात. साहेब लोक कौतुक करतात. त्यातलं निम्मं श्रेय ताईच्या आतड्यांचं आहे हे मला एकट्यालाच माहीत. भाऊजी गेले तेव्हाही तिने हे दुखणं पुढे करून कोणाची दया मागितली नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि तो मी तिला कधी नीट सांगितलेला नाही.

एकच गोष्ट तिला जमली नव्हती. मुलाचं लग्न.

माझा भाचा अंकुशनगरला नोकरीला आहे. पोरगा सरळ, वय एकतीस. दोन ठिकाणी बोलणी होत आली आणि फिसकटली. दोन्हीकडे कारण एकच. आमच्याकडे पहिल्या भेटीत मुलगी नापसंत आहे असं तोंडाने कोणी म्हणत नाही. मुलाच्या आईने समोरच्या ताटलीला हात लावला नाही की समजून घ्यायचं. ताईने दोन्हीकडे चहासुद्धा घेतला नव्हता. घरी पोचेपर्यंत मध्यस्थाचा फोन आलेला असायचा, की तुमच्या ताईंना पोरगी पटली नाही म्हणे. एकदा फोन झाला की कितीही समजावा, समोरचे मान हलवतात आणि मनातलं मनातच ठेवतात.

तिसरं स्थळ शहागडचं. मुलीच्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. पोरापोरीचं फोनवर बोलणं झालं होतं आणि भाचा महिनाभर हवेत होता. हे स्थळ गेलं तर पोरगा पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. नेमकं त्या रविवारी सकाळपासून ताईचं पोट दुखत होतं. अंबडपर्यंत मी दोनदा गाडी थांबवली. ती मागच्या सीटवर पदर पोटाशी घट्ट धरून बसली होती. परत फिरू का म्हणालो, तर नाही म्हणून नुसती मान हलवली.

गाडी चालवता चालवता माझं डोकं चाललं. मामा म्हणून मला काहीतरी करणं भागच होतं. तिथे पोहे, भजी, गुलाबजाम असं सगळं मांडून झालं, तसा मी ताईच्या आधीच बोलून मोकळा झालो, की ताई रविवार धरते, कडक उपास असतो. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भजी उचलली.

मुलीकडचे लोक भले निघाले, तिथेच माझा घात झाला. मुलीची आई आत पळाली. अर्ध्या तासात ताईसमोर वाफाळती भगर, तिच्यावर शेंगदाण्याची लालभडक आमटी, तळलेले बटाट्याचे पापड. ताईच्या पोटाला याहून वाईट ताट मी ठरवून मागवलं असतं तरी आलं नसतं. मुलीचे वडील स्वतः पळी घेऊन उभे, घ्या ताई, थोडी घ्या, आमच्या मनासाठी. ताईने हात जोडले. ते अजून वाकले. ताईने ताट हळूच बाजूला सरकवलं.

पोहे खाल्ले नाहीत, आता उपासाचंही खात नाही. मुलीच्या दोन्ही चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीची आई दारात होती, तिचा चेहरा पडला. तिच्यामागे उभी असलेली मुलगी आत निघून गेली. भाचा जमिनीकडे बघत होता.

ताई उभी राहिली. शाळेत बोलते तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझा उपास न्हाई. भाऊ मला झाकायला खोटं बोलला. मला पोटाचा आजार हाय, पंधरा वर्षं झाले. आत्ताबी दुखून राह्यलंय. हे खाल्लं तर धा मिनिटांत तुमच्या संडासात पळावं लागंल. पोरगी मला बिलकुल पसंद हाय. पर सून म्हणून आली की तिला हे रोज दिसंल, म्हणून आजच सांगते."

पाच-सहा पुरुषांच्या बैठकीत, सोयरीक जमायच्या आधी, मुलाची आई संडास हा शब्द बोलली होती. माझे कान तापले. पण ताई ताठ उभी होती, आणि मला त्या क्षणी कळलं की पंधरा वर्षं लाज मला वाटत होती, तिला नव्हे. मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी खोटं बोललो होतो.

मुलीच्या वडिलांनी पळी खाली ठेवली. धिप्पाड माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. "मला आठ वर्षं झाले."

"काय झाले?" बायकोने विचारलं.

"ह्येच."

मग ते अडखळत सगळं ताईलाच सांगायला लागले. घरात सगळ्यांसमोर सारखं जायची लाज वाटते म्हणून पहाटेच दुकान गाठायचं. शेजारच्या पंपावर सोय आहे. जेवायला घरी यायचं टाळायचं, आलो तरी दोन घास खाऊन उठायचं. दवाखाना केलेला नाही, कोणाला सांगितलेलं नाही. ताईने मध्ये न बोलता ऐकून घेतलं, नुसती हूं हूं करत राहिली.

मुलीची आई दारातच खाली बसली. नवऱ्याकडे न बघता, त्या आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "आठ वर्षं मी समजून राह्यले व्हते, माझ्या हातचं तुमाला गोड लागत न्हाई."

ताई तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घेऊन आत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून मुलीने ताईला विचारलेलं ऐकू आलं, की भात किती मऊ करायचा.